दुसरा ओटा

परवानगीशिवाय शिंकसुद्धा न देणारा माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात एकच आहे, आणि ते माझे थोरले साडू आहेत. नौपाड्यात आमच्याकडे येतात तेव्हा दार सताड उघडं असलं तरी बाहेर उभे राहून "आत येऊ का?" विचारतात आणि आतून स्पष्ट "या" आल्याशिवाय चपला काढत नाहीत. एकदा कुकरच्या शिट्ट्यांत बायकोला ऐकूच गेलं नाही, तर हे गृहस्थ जिन्यात येरझाऱ्या घालत राहिले. शेअर रिक्षात आधी बसलेल्यांची हरकत नाही ना, हे ते विचारून घेतात. तोवर मागचा माणूस बसतो आणि रिक्षा सुटते. बरं, एवढ्या सबुरीच्या माणसाला स्वस्थ बसता यावं की नाही? टेकले की उजवा पाय हलायला लागतो, चहा कपातून बशीत उतरतो आणि पाच मिनिटांत "जरा बघून येतो" म्हणून ते उठतात. काय बघून येतात, ते आजवर कोणाला कळलेलं नाही.

अशा माणसावर बांधकामाची परवानगी काढायची वेळ आली. निवृत्तीनंतर डोंबिवलीचा फ्लॅट मुलाला देऊन साडू आणि माझी मेहुणी मोहन्याच्या पुढे, वडिलांच्या शेतावर बांधलेल्या शेतघरात राहायला गेले. तिथं त्यांना आपल्या थोरल्या बहिणीला आणायचं होतं. आई लवकर गेल्यामुळे या आक्कांनीच त्यांना वाढवलेलं. आता त्या बाळकुमला मुलाकडे राहतात, इतक्या उंच मजल्यावर की पितरांचा कावळासुद्धा तिथवर यायला कंटाळतो. आक्कांची अट एकच होती. "येते. पण ओटा माझा वेगळा हवा. तुझ्या बायकोच्या ओट्यावर मी माझी मिठाची बरणी कुठे ठेवू?" नणंदेचं म्हणणं माझ्या मेहुणीला आयुष्यात पहिल्यांदाच तंतोतंत पटलं. तेव्हा शेतघराशेजारी एक खोली, स्वयंपाकघर आणि पुढे पायरी, एवढं छोटं घर बांधायचं ठरलं.

शेजारच्या शेतकऱ्याची तीन मजली चाळ एका दिवाळीनंतर आणि पुढच्या होळीआधी कागदाचा कपटाही न लागता उभी राहिली होती. तो कळवळून म्हणाला, "काका, भिंती बांधा आधी. कागद काय, येतंय मागशी." साडूंनी त्याला चहा पाजला आणि इस्त्रीचा शर्ट घालून तलाठ्याकडे निघाले. तिथून ग्रामपंचायत, तिथून तहसील, तिथून नगररचना. बाकावर बसणं जमत नसल्यामुळे ते व्हरांड्यात येरझाऱ्या घालत. त्या चालीचा रुबाब असा, की लोकांना हेच मोठे साहेब वाटू लागले. एका म्हाताऱ्याने आपला अर्ज त्यांच्या हातात दिला. साडूंनी "घेऊ का?" असं विचारून तो घेतला आणि योग्य खिडकीवर नेऊन दिला. स्वतःचा अर्ज मात्र तिथेच अडकला, कारण नकाशात दोन ओटे होते. एका खातेदाराला एकच शेतघर. दोन ओटे म्हणजे दोन घरं. नकाशा काढणाऱ्याने सोपा उपाय सांगितला. ओटा खोडायचा आणि तिथे धान्याची कोठी लिहायची, सही झाली की आत शेगडी ठेवा नाहीतर हत्ती बांधा. साडू म्हणाले, "पण तिथे धान्य असणार नाही हो." हे त्यांनी इतक्या दुःखाने सांगितलं की त्या माणसाने पेन्सिल खाली ठेवली.

इकडे आक्कांनी बरण्या बांधून ठेवल्या होत्या. आधी रोज फोनवर "परवानगी आली का रे?" विचारायच्या. मग मीठ लागेल म्हणून ती एक बरणी सोडली, मग लोणच्याची सोडली, आणि एक दिवस म्हणाल्या, "राहू दे." या "राहू दे"ने साडूंची झोप उडाली. शेतात फक्कीने घराच्या रेषा आखलेल्या होत्या. तिथे ते फेऱ्या घालत. आत जायचं झालं तर जिथे दार येणार होतं तिथूनच जात. फक्कीची भिंत त्यांनी एकदाही ओलांडली नाही.

शेवटी आपल्या वतीने बोलायला म्हणून ते मला नगररचनेच्या कचेरीत घेऊन गेले. मी माझं ठेवणीतलं भाषण सुरू करणार, एवढ्यात खिडकीतल्या बाई थकून म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या या आक्कांच्या नावावर जमीन असती तर त्यांना त्यांचं वेगळं घर मागता आलं असतं. नाहीये ना?"

साडूंचा पाय हलायचा थांबला.

परतीच्या रिक्षात बसताना त्यांनी कोणाची हरकत विचारली नाही. कल्याणच्या खाडीपुलावर म्हणाले, "होती. सातबाऱ्यावर तिचं नाव होतं. माझ्या लग्नाआधी तिनं हक्क सोडला. सगळ्याच बहिणी सोडतात ना, तसा. इथे सही कर म्हणून मीच बोट दाखवलं. तिला विचारलंच नाही हो."

 

अर्धी जमीन आक्कांना बक्षीसपत्राने द्यायचं त्यांनी ठरवलं. त्यासाठी बायकोची संमती लेखी मागितली. मेहुणीने हातातलं लाटणं दाखवलं, ती त्यांनी संमती धरली. आक्का आधी नकोच म्हणाल्या. मग सही करताना त्यांनी चष्मा पुसून सगळा कागद वाचला, आणि साडू तोवर उभे राहिले. पुढचा अर्ज आक्कांच्या नावाने गेला. त्यानेही आपला वेळ घेतलाच, पण यंदा शेतातल्या वालाच्या शेंगा तयार व्हायच्या आत पायरीसकट घर उभं राहिलं.

मी गेलो तेव्हा आक्का आपल्या ओट्याशी होत्या. खिडकीत मिठाची बरणी. साडू स्वतः बांधलेल्या घराच्या उंबऱ्याबाहेर उभे.

"आक्का, आत येऊ का?"

आक्कांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "साहेब जेवायला गेलेत. बाहेर बसा."

साडू पायरीवर बसले. मी शेजारी बसलो आणि त्यांच्या उजव्या पायाकडे बघत राहिलो. आत शेगडी पेटली, भांडं वाजलं, आल्याचा वास बाहेर आला. आक्का कोणाशी तरी बोलल्यासारख्या स्वतःशीच काही पुटपुटत होत्या. चहा यायला बराच वेळ लागला. साडू एकदाही काही बघून यायला उठले नाहीत.