खुर्चीवाल्याच्या चार विटा

आमच्या गल्लीत समुद्र अधूनमधून येऊन जातो. मोठी भरती असली की गटारातून वर येतो, लोकांच्या उंबऱ्यांवर रेंगाळतो आणि निघून जातो. तो पूर्वीही एवढाच यायचा की हल्ली जास्त येतो, यावरून गावाची दोन शकलं झाली होती. ‘समुद्र चढतोय’ म्हणणारे ते चढतोयवाले आणि ‘कुठे चढतोय?’ असं विचारणारे ते कुठेवाले. एकाच घरात भाऊ चढतोयवाला आणि भावजय कुठेवाली, मग ताटातलं जेवण गार होणारच.

दोन्ही बाजूंना चालणारा माणूस गावात एकच उरला होता. माझ्या शिलाईच्या दुकानाशेजारचा खुर्चीवाला. खुर्च्या, टेबलं, माईक, कर्णे, सगळं तो भाड्याने द्यायचा. सभा कोणाचीही असो, खुर्च्या त्याच्याच. वाद पेटल्यापासून धंदा असा चालला होता की गोदामात खुर्ची टिकत नव्हती. त्याला मत विचारलं तर म्हणायचा, “बसायची सोय माझी, बोलायचं तुमचं तुम्ही बघा.” असल्या तळ्यात-मळ्यात करणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग येतो. याचा मात्र कधी पुरता आला नाही, आणि त्याचं कारण अक्का.

अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला. त्यात तिचं लग्न राहून गेलं, आणि पुढे जिन्यावरून पडून तिची कंबर मोडली तेव्हा तिच्यापायी त्याचंही राहिलं. कमरेखाली तिला काही कळत नसे. गोदामामागच्या खोलीत, बुटक्या खाटेवर ती पडून असायची. जीभ मात्र दोघांना पुरून उरेल अशी.

मागच्या भरतीला पाणी तिच्या खाटेच्या पायांना लागलं. “अरे, खाटेखाली चार विटा लाव,” ती म्हणाली. “एक दिवस उशीसकट वाहून जाईन, आणि तू म्हणशील, अक्का फिरायला गेली.”

तो विटा घेऊन आला, तर गल्लीच्या तोंडाशीच फ्लॅटचा दलाल उभा. किनाऱ्यालगतचे फ्लॅट विकायचा, तेव्हा कुठेवाल्यांचा पुढारी तोच असणार हे ओघानेच आलं.

“विटा कशाला?”

“काही नाही, असंच.”

“असंच कोणी विटा आणत नाही. खाट उचलणार ना? म्हणजे तुमचंही मत झालं म्हणायचं.” दलाल गोड हसला. “रविवारच्या जाहीर वादसभेचं काम दोन्ही बाजूंनी तुम्हाला दिलंय, कारण तुम्ही कोणाचेच नाही. बघा बुवा.”

या पठ्ठ्याने विटा परत नेऊन दिल्या.

खरं तर सगळी गल्लीच काही ना काही वर उचलत होती. वाण्याने पोती फळ्यांवर चढवली, उंदरांमुळे. डॉक्टरांकडचा फ्रिज स्टँडवर गेला, खालून झाडता यावं म्हणून. माझं मशीन मी पाटावर घेतलं ते पाठीसाठी, हो, पाठीसाठीच. दलाल स्वतः तिसऱ्या मजल्यावर राहायला गेला होता, वारा छान येतो म्हणून. एवढ्या गावात साधी थाप मारता आली नाही ती या एकालाच.

“सांग की, ढेकूण झालेत,” मी म्हटलं.

“बघायला येतील,” तो म्हणाला. “रविवार जाऊ दे. मग लावतो.”

रविवारी दुपारी सभागृह खच्चून भरलं. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश, त्यांच्यापुढे लांबलचक टेबल. एका टोकाला चढतोयवाल्यांचे हेडमास्तर आलेख घेऊन, दुसऱ्या टोकाला दलाल आपल्या आजोबांचा फोटो घेऊन. फोटोत आजोबा समुद्रात उभे होते आणि पाणी घोट्याला होतं. “माझ्याही घोट्यालाच लागतं,” दलाल म्हणाला. हेडमास्तरांनी विचारलं, आजोबा उंच होते की बुटके? पुढचा अर्धा तास आजोबांच्या उंचीवर गेला.

तेवढ्यात वाणी धापा टाकत दारात आला. “गल्लीत पाणी घुसलंय. गुडघ्याएवढं.”

“बघा,” हेडमास्तर आनंदाने उठले. “ही नुसती भरती आहे,” दलाल म्हणाला. अध्यक्षांनी श्रोत्यांना मध्ये न बोलण्याची समज दिली.

खुर्चीवाला पांढराफटक पडला होता. त्याने माईक हातात घेतला. “माझी अक्का तिकडे खाटेवर आहे. तिला उचलायला माणसं हवीत, तिच्या खाली लावायला खुर्च्या हव्यात. उठा.”

कोणी उठलं नाही. कुठेवाले उठले असते तर त्यांनी हार मानल्यासारखं झालं असतं. चढतोयवाले वाट बघत होते की आधी कुठेवाले उठतात का, आणि आधी कोण उठलं याची नोंद व्हावी, अशी हेडमास्तरांनी अध्यक्षांना विनंती केली. एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला.

खुर्चीवाला मंचावर गेला, पाण्याचा तांब्या उचलून अध्यक्षांच्या मांडीवर ठेवला आणि टेबल ओढलं. दुसरं टोक मी धरलं. आम्ही बाहेर पडलो तेव्हा, असा ठराव कोणी मांडला, हे अध्यक्ष मागे विचारत होते.

खोलीत अक्का खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरून बसली होती. कमरेपर्यंत पाण्यात होती आणि ओठ काळेनिळे पडले होते. आम्ही तिला उचलून टेबलावर ठेवलं. टेबलावरचं हिरवं कापड पिळून तो तिचे पाय पुसायला लागला आणि पुसता पुसता लहान पोरासारखा रडायला लागला. मलाही बघवेना.

“काय ठरलं रे सभेत?” तिने विचारलं.

“अजून ठरायचंय.”

“मग तू सांग. पाय ओले आहेत की कोरडे? मला काही कळत नाही.”

“ओले आहेत, अक्का,” तो म्हणाला. आणि मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, “पाणी चढलंय.”