व्हर्लिन टोल्सनची घरची काडतुसं

आमच्या मोंटानातल्या गावात दुकानातली काडतुसं वापरणाऱ्याला व्हर्लिन टोल्सन शिकारी मानतच नाही. तो स्वतःची काडतुसं गॅरेजमध्ये भरतो आणि त्याबद्दल चर्चमध्ये, टपाल कचेरीत, अगदी दातांच्या डॉक्टरकडे तोंडात नळी असतानाही बोलतो.

यंदा सोडतीत त्याला नर एल्क, म्हणजे घोड्याएवढं हरीण, मारायचा परवाना लागला. तरुणपणापासून अर्ज करत होता. पुन्हा लागेल तेव्हा गुडघे डोंगर चढू देतील याची खात्री नाही. आणि ऐन हंगामात काडतुसाच्या टोकाला बसवायची त्याची नेहमीची गोळी बाजारातून संपली. मिळाली ती थोडी जड, सबंध तांब्याची. काडतुसं भरायच्या पुस्तकात हिच्याहून हलक्या गोळीसाठी बंदुकीची दारू किती ते होतं, हिच्याहून जड गोळीसाठीही होतं. हिच्यासाठी नव्हतं.

"गोळी जड तेवढी दारू कमी. जड गोळीचा आकडा धर, तोही सगळ्यांत खालचा," बायको नदीन म्हणाली. "मग थोडं थोडं वाढवत बघ. सगळे तसंच करतात."

"सगळ्यांना त्रैराशिक येत नाही."

"आणि ही लांबही आहे. काडतुसात जास्त घुसेल, दारूला जागा कमी उरेल, दाब वाढेल."

"वजन म्हणजे वजन, नदीन!"

त्याने दोन आकड्यांचा सुवर्णमध्य काढला, हुशारीपोटी वर थोडी दारू वाढवली आणि अख्खी पेटी भरली. मैदानावर एखादी गोळी मारून बघणं हा त्याच्या मते नवशिक्यांचा उद्योग.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी मी सोबत गेलो. मेलेला एल्क एकट्याने डोंगरावरून खाली आणता येत नाही. नर अगदी समोर आला. व्हर्लिनने बार काढला. आवाज भलताच झाला, गोळी वरून गेली. एल्क पळालासुद्धा नाही, बघत उभा राहिला.

"दुसरी मारा!" मी कुजबुजलो.

"बोल्ट उघडत नाहीये रे!"

जास्तीच्या दाबाने आतलं उडालेलं काडतूस फुगून घट्ट बसलं होतं, आणि ते बाहेर ओढणारा बोल्टचा दांडा हलेना. व्हर्लिनने तळहाताने ठोकलं, मग लाकडाने. एवढा शांत श्रोता त्याला चर्चमध्येही कधी मिळाला नव्हता. शेवटी कंटाळून एल्क सावकाश झाडीत गेला. बोल्ट उघडला तेव्हा अंधार पडला होता आणि हंगाम संपला होता.

नदीनने मांसासाठी फ्रीझर रिकामा करून ठेवला होता.

"बंदूक बिघडली," व्हर्लिन म्हणाला.

"हो का?" ती म्हणाली, आणि दुकानातून कोंबड्या आणायला निघून गेली.