मिठबावचं होय

नांदगाव स्टेशनावर उतरले तेव्हा गाडी चक्क वेळेवर होती, त्यामुळे भांडायला मला काही कारणच उरलं नाही. बाहेर माझ्या नावाचा पुठ्ठा धरून एक उंच, काळेसावळे गृहस्थ उभे होते. हे बापू. मिठबावला त्यांच्या घरात पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत, त्यांतली एक मी चार दिवसांसाठी घेतली होती.

"प्रवास बरो झालो मा?"

"हो," मी म्हटलं.

"बाईनू, ह्यो तुमचो अकोल्याचो हो. हंय होय म्हणतत." एवढं बोलून त्यांनी माझी जड बॅग एका हाताने उचलली.

त्यांची जुनी गाडी देवगडच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना काजू, मधूनच आंब्याची कलमं, जांभ्या दगडाचे लाल गडगे (बांध). दसरा होऊन गेला होता, पावसाने उघडीप दिली होती आणि भात पिवळं पडू लागलं होतं. आमच्याकडे एवढी हिरवळ दिसली तर लोक सहल काढतील. बापूंचं मात्र लक्ष 'होय'वरच. चाळीस वर्षं त्यांनी जहाजांवर स्वयंपाक केला होता, आणि जितकी बंदरं, तितके 'होय' जमवले होते.

"हॉलंडात माणूस भेटलो की आदी होय म्हणतत. म्हणजे नमस्कार. हाँगकाँगाक होय म्हणजे दर्या. मनिलात मागसून कोणी होय म्हटला की समजायचा, अरे, हंय बघ. आणि व्हिएतनामाक होय म्हणजे इचार. तेंचो होय प्रश्न, आमचो होय जबाब."

माझा काही विश्वास बसला नाही. दर्यावर्दी माणूस आणि शिकारी यांच्या गोष्टी निम्म्याने घ्याव्यात असं माझं मत आहे. पण मोबाइलवर शोधलं तर चारही निघाले खरे. हेल तेवढे वेगळे. शिकाऱ्यांबद्दलचं मत मी अजून बदललेलं नाही.

सुरूच्या झाडांमागून एकदम समुद्र दिसला आणि मी बोलायची थांबले. माझ्या बाबतीत हे क्वचित घडतं.

घरात बापूंच्या वहिनी आणि त्यांचा मुलगा दिलीप. बापूंचे थोरले भाऊ दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून त्यांची होडी झावळ्यांखाली पडून होती. आता दिलीपने ती डागडुजी करून रंगवली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाण्यात जायची होती. दुपारी वहिनींनी बांगड्याचं तिखलं (दाट, झणझणीत कालवण) वाढलं. त्यातलं तिरफळ चावायचं नसतं, हे मला ते चावल्यावर कळलं. जीभ अशी बधिर झाली की तासभर मी बोबडं बोलत होते. दिलीप हसू दाबत सोलकढी वाढत राहिला.

जेवण झाल्यावर बापू कागद-पेन घेऊन माझ्यापाशी आले. एवढा वेळ बंदरं फिरवणारा माणूस आता घाबरलेला दिसत होता.

होडी पाण्यात घालण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाने गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवाला मोठ्याने सगळं सांगायचं. तो श्वास घ्यायला जिथे थांबेल, तिथे जमलेल्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. थोरले भाऊ यात वाकबगार होते. आता घरात मोठे बापूच, आणि बापूंना गाऱ्हाणं येत नव्हतं. दुसऱ्या कुणाला बोलवू म्हटलं तर वहिनींनी साफ नकार दिला होता.

"उद्या जमूक नाय तर गावात मी पावणोच ऱ्हवतलंय, बाईनू," बापू म्हणाले. "चाळीस वर्सां पावण्यासारखो इलंय आणि गेलंय. आता गावचो होवचा आसा माका."

म्हणून त्यांनी आठवून आठवून सांगितलं आणि मी मोठ्या अक्षरांत दोन पानं लिहिली. त्यांनी ती घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

सकाळी किनाऱ्यावर पंचवीस-तीस माणसं जमली. होडीच्या नाळेला (पुढच्या टोकाला) झेंडूची माळ. वहिनींनी बापूंच्या ओंजळीत नारळ दिला आणि घोटाळा तिथेच माझ्या लक्षात आला. गाऱ्हाणं संपेपर्यंत नारळ दोन्ही हातांत धरायचा असतो. खिशातला कागद काढणार कोण? लहानपणापासून घरातल्या मोठ्यांना तसं उभं राहिलेलं पाहिलेला माणूस, पण जहाजावरच्या सवयीने सगळं कागदावर घेऊन आला होता. मी पुढे व्हायला लागले, तर वहिनींनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हवा बाईनू. तेंका करू दे."

"बा देवा म्हाराजा," बापूंनी सुरुवात केली, "आज ह्या लेकरान होडी दर्यात घालूचा मनात हाडलेला आसा."

"होय म्हाराजा!"

पुढे काही नाही. बापूंचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. लाट आली, गेली. लोकांना थांबलं की म्हणायची सवय, ते पुन्हा म्हणाले, "होय म्हाराजा!"

"म्हाराजा, माका पुढचा आठवणा नाय," बापू म्हणाले.

"होय म्हाराजा!" अख्ख्या किनाऱ्याने दुजोरा दिला, आणि मग सगळे हसले. बापूही हसले. त्या हसण्याने त्यांचे खांदे सैल पडले.

"चाळीस वर्सां मी हंय नव्हतंय."

"होय म्हाराजा!"

"माझो भाव गेलो, तेवा पण मी नव्हतंय."

यावर कुणी बोललं नाही. या वाक्याला 'होय' म्हणणं म्हणजे त्यांच्या तोंडावर दोष ठेवणं. सगळ्यांच्या नजरा वहिनींकडे गेल्या. माझ्या मनगटावरची त्यांची पकड घट्ट झाली. मग सगळ्यांच्या आधी, एकट्या, त्या म्हणाल्या, "होय म्हाराजा."

मला रडू आलं, ते लपवायचं मला सुचलंही नाही.

"ता माझा चुकला. तेचो राग ह्या होडयेर काडू नको."

"होय म्हाराजा!"

"ह्या पोराक भरल्या जाळ्यान घराक परत हाड, आणि माका तेची वाट बघूक किनाऱ्यार उभो ठेव."

या वेळी मीही ओरडले, अकोल्याच्या घशाने. होडी वाळूवरून सरकली आणि दिलीप उडी मारून आत चढला. दुपारी तो परतला तेव्हा जाळ्यात फार काही नव्हतं. पण बापू टोपी हातात घेऊन पाण्याच्या कडेला उभेच होते, आणि वहिनींनी त्यांचा चहा तिथेच नेऊन दिला.

संध्याकाळी शेजारचा एक कलमवाला अंगणात आला. आंब्याला मोहोर चांगला धरावा म्हणून त्याला गाऱ्हाणं घालायचं होतं.

"तुमी घालशात?" त्याने बापूंना विचारलं.

"माका नीट येणा नाय रे."

"आमी बघलाव मा सकाळी. तसाच घाला."

माझ्या परतीच्या दिवशी बापूंनी मला नांदगावला सोडलं. गाडी तासभर उशिरा होती. मला वाटलं, तेवढ्या वेळात आणखी दोन बंदरं होतील. पण बापू सारखे घड्याळ बघत होते. गावात एकाची म्हैस आजारी होती, आणि लोक नारळ घेऊन त्यांच्यासाठी थांबले होते. शेवटी मीच त्यांना हाकलून दिलं. फलाटावर मी एकटीच बसून राहिले आणि मला फार बरं वाटलं.