दिवाळसणाची गिटार

माझ्या लग्नाला तीन महिने झाले होते, आणि तोवर नवऱ्याशी जे काही बोलणे झाले होते ते सगळे एका पोस्टकार्डावर मावले असते. माणूस भला होता. वीज खात्यात नोकरी, सकाळी सायकलवर टांग टाकून जायचे, संध्याकाळी यायचे, चहा आहे का विचारायचे आणि पडवीत बसून एखादा बिघडलेला रेडिओ उघडायचे. मी दोडामार्गाकडच्या काजूवाल्या शेतकऱ्याची मुलगी. शिरोड्याला सून म्हणून आले आणि तिथल्याच शाळेत गणित शिकवू लागले. घरात तिसरे माणूस म्हणजे मामंजी, माझे सासरे. निवृत्त मास्तर, गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. सासूबाई तेव्हा नणंदेच्या बाळंतपणासाठी तोंडवलीला गेल्या होत्या. तेव्हा आमच्या घरी तीन माणसे आणि भरपूर शांतता होती.

पहिल्या दिवाळीला आम्ही माझ्या माहेरी गेलो. जावयाला दिवाळसण काय द्यायचा, अंगठी की घड्याळ, यावर माझ्या वडिलांचे आणि भावाचे दोन दिवस खलबत चालले होते. शेवटी भावाने सरळ ह्यांनाच विचारले. ह्यांनी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "माका गिटार व्हयी. विजेवरची."

वडिलांना वाटले, हे ऑफिसातले काहीतरी हत्यार असेल. मला तर काहीच उमगेना. मग हळूहळू उलगडा झाला. पणजीला शिकायला असताना ह्यांच्या खोलीतल्या जोडीदाराकडे एक गिटार होती. त्याच्याकडून हे शिकले, दोन वर्षे रोज वाजवली, आणि नोकरी लागल्यावर गिटारही तिकडे राहिली आणि वाजवणेही. घरी कुणाला सांगितलेसुद्धा नव्हते. जो माणूस माझ्याकडे मीठसुद्धा खुणेने मागायचा, तो एकेकाळी गिटार वाजवायचा, हे ऐकून मला आतून गुदगुल्या झाल्या.

भाऊ म्हापशाला गॅरेजात कामाला जायचा. त्याने तिथे चौकशी केली. एक म्हातारे गृहस्थ होते, आयुष्यभर बोटीवर वाद्ये वाजवलेले. त्यांनी कधीतरी परदेशातून गिटारचे सगळे तयार भाग आणून ठेवले होते, घरी बसून निवांत जुळवू म्हणून. पण तोवर त्यांची बोटे आखडली. कुणीतरी करतोय म्हटल्यावर त्यांनी सगळे आनंदाने देऊन टाकले. आठवड्याभरात भाऊ शिरोड्याला आला तो खांद्यावर काजूचे गोणपाट घेऊन. त्यातून त्याने एक कोरे, पांढुरके लाकडी धड काढले, मग आडव्या पितळी पट्ट्या बसवलेली एक लांब मान, आणि मग वर्तमानपत्रात बांधलेल्या पुड्याच पुड्या. स्क्रू, तारा, त्या पिळायचे सहा कान आणि चुंबक बसवलेले दोन काळे तुकडे. चुंबक तारांची थरथर पकडतात आणि तीच पुढे विजेतून जाते, असे ह्यांनी मला समजावले. ते आमचे लग्नानंतरचे पहिले लांबलचक संभाषण.

मामंजींनी चष्मा पुसला आणि विचारले, "ह्यां काय? चुलीक लाकडां?"

माझे वडील मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले. जावयाला दिवाळसण म्हणून गोणपाटातून लाकडे धाडली, हे चार लोकांना कळले तर काय, म्हणून त्यांनी भावाबरोबर माफीची चिठ्ठी पाठवली होती. ती वाचून हे इतके हसले की मलाही हसू आवरेना. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

पुड्यांबरोबर एक कागद होता. त्यावरची अक्षरे तिघांपैकी कुणालाच वाचता येईनात. चित्रे मात्र होती. मामंजी भिंग घेऊन बसले आणि जुन्या सवयीने प्रत्येक चित्राला पेन्सिलीने नंबर देऊ लागले. रंग द्यायच्या आधी सगळे एकदा कोरेच जुळवून बघायचे ठरले. मान धडाच्या खाचेत बसवली आणि मागून लोखंडी पट्टी लावून चार स्क्रू आवळले. ती अशी घट्ट बसली की मी टाळ्या वाजवल्या. मग धडावर घोडी बसवायची होती. घोडी म्हणजे तारांचे खालचे टोक जिथे टेकते ती पट्टी. चित्रात माप दिले होते, ते घेऊन ह्यांनी भोके पाडली, घोडी बसवली आणि दोन तारा चढवल्या. तार छेडली तर डास गुणगुणावा एवढाच आवाज आला, पण आला.

मामंजी कान लावून ऐकत होते. मोकळी तार वाजवायला लावली, मग सप्तकाचे बारा सूर मोजून मानेवरच्या बाराव्या पट्टीवर दाबून तीच वाजवायला लावली. कपाळाला आठ्या पडल्या.

"खालचो सा बरो आसा," ते म्हणाले. "वरचो चढता."

हे म्हणाले, तार नवी आहे, ताणेल हळूहळू. मामंजी मान हलवत राहिले. मला मात्र एकदम शाळेतला फळा दिसला. तार अर्धी केली की वरचा सा मिळतो, एवढे मला ठाऊक होते. म्हणजे बारावी पट्टी तारेच्या नेमकी मध्यावर हवी. मी शिवणाच्या डब्यातला दोरा आणला. मानेच्या टोकाशी तारा जिथून सुरू होतात ती हाडाची पांढरी पट्टी, तिथपासून बाराव्या पट्टीपर्यंत दोरा धरून तोडला आणि तोच दोरा तिथून पुढे घोडीपर्यंत लावला. दोरा घोडीच्या पुढे दोन सूत, म्हणजे पाव इंच गेला.

"तुमी माप खंयसून घेतलात?" मी विचारले.

ह्यांनी माप त्या पांढऱ्या पट्टीपासून न घेता तिच्याही मागच्या लाकडापासून घेतले होते. चूक कळल्यावर ते रागावले नाहीत. माझ्याकडे असे काही बघितले की मामंजींना अचानक परसात काहीतरी काम आठवले. आम्ही घोडी काढली, आधीच्या भोकांत आगकाड्या गोंद लावून ठोकल्या आणि दोन सूत मागे नवी भोके पाडली. या वेळी मामंजींनी दोन्ही सा ऐकले आणि जागचे उठून मला एक पेढा आणून दिला. घरात पेढे आहेत हे मला माहीतच नव्हते.

मग सगळे पुन्हा उलगडले आणि रंगाचा घाट घातला. हे म्हणत होते काळी. मामंजी म्हणत होते पेटीसारखी तपकिरी. मी म्हटले, बोंडूसारखी. पिकलेल्या काजूचे बोंड असते तशी, मधे पिवळी आणि कडेला लाल होत गेलेली. हे म्हणाले, तसा रंग मिळतो कुठे? मिळतो, मी म्हटले, सावंतवाडीला.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे एस्टीने सावंतवाडीला गेलो. लग्नानंतर दोघांनीच कुठे जायची ती पहिली वेळ, आणि गेलो कुठे, तर चितारआळीत लाकडी खेळणी करणाऱ्या कारागिराकडे. त्यांना वाटले, बाळासाठी पांगुळगाडा हवा आहे. मी लाजले, हे लाजले, आणि गिटारचे सांगितल्यावर ते कारागीरच हरखून गेले. त्यांनी लाखेचा चपडा, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे दिले, ते स्पिरिटमध्ये कसे विरघळवायचे ते सांगितले, लाल आणि पिवळ्या रंगाच्या दोन पुड्या बांधून दिल्या आणि बजावले की एक जाड हात देण्यापेक्षा तीस पातळ हात द्या. परतीच्या एस्टीत आम्ही पुड्या मांडीवर धरून असे बसलो होतो, जणू त्यांत अंगारा होता.

घासायचे काम आठ दिवस चालले. शाळा सुटली की मी, ऑफिस सुटले की हे, आणि मधल्या वेळात मामंजी. पॉलिश पेपर आधी खरखरीत, मग बारीक. धड शेवटी इतके गुळगुळीत झाले की जाता-येता जो तो त्यावरून हात फिरवायचा. घासता घासता हे बोलायला लागले. पणजीची खोली, खानावळीतली कढी, पहिल्यांदा विजेच्या खांबावर चढले तो दिवस. मी माझे सांगायची. कितीदा तरी भात करपला आणि कुणी काही बोलले नाही.

पॉलिशच्या बोळ्यांसाठी मामंजींनी आपले जुने मऊ धोतर टरकावून दिले. पहिला पिवळा हात मी दिला, कडेचा लाल ह्यांनी. तिसऱ्या दिवशी मी हौसेने पहाटेच उठून एक हात मारला आणि बघता बघता सगळ्या रंगावर पांढरी साय धरली. पार दूध ओतल्यासारखी. मी रडायच्या बेतात. मामंजी आले, अंगणातल्या दवाकडे बोट दाखवून म्हणाले, ओल धरली, दुसरे काही नाही. उन्हे वर आल्यावर त्यांनी स्वतः स्पिरिटचा बोळा अलगद फिरवला, आणि साय विरघळून खालून बोंडूचा रंग जसाच्या तसा वर आला. त्या दिवशी मामंजी दोन्ही तळवे लाल घेऊन देवळात गेले. पुजाऱ्यांनी विचारल्यावर, सून मेंदी काढते, म्हणाले म्हणे.

शेवटी एका रविवारी दुपारी सगळे कायमचे जुळवले. ह्यांनी आतल्या वायरींना कथिलाचे डाग दिले. आता आवाज मोठा करायला काहीतरी हवे होते. भजनी मंडळाचा अॅम्प्लिफायर आणि कर्णा आमच्याच माळ्यावर असायचा. तो खाली उतरवून पडवीत ठेवला. मामंजी पेटी घेऊन बसले आणि एकेक सूर देऊ लागले. पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन. सहाही तारा पेटीशी मिळाल्या.

बटण दाबले आणि कर्ण्यातून नुसती घरघर. हे चपापले, वायर तपासू लागले, आणि पाच मिनिटांनी कपाळावर हात मारला. वीज खात्यातला माणूस घोडीला अर्थिंग जोडायलाच विसरला होता. ते जोडले आणि घरघर थांबली. मग ह्यांनी डोळे मिटून सहाही तारांवरून हात फिरवला.

माडांवरचे कावळे उडाले. मी वेड्यासारखी हसत सुटले. शेजारची काकी हातात उलथणे घेऊनच धावत आली, विजेची तार पडली का विचारत. तिच्यामागून अर्धी वाडी आली. ह्यांची बोटे आधी अडखळली, मग पणजीतले काहीतरी सापडले आणि ती पळायला लागली. ज्या माणसाला मी तीन महिने मुका समजत होते, तो कर्ण्यातून सगळ्या गावाशी बोलत होता. मग मामंजी पेटीचा भाता हलवून हळूच सुरांत घुसले.

"माझ्या पेटयेबरोबर चलात ही," ते म्हणाले.

आणि चालली. भजनी मंडळातल्या काहींनी आधी नाके मुरडली, पण पुढच्या एकादशीला ती देवळात वाजली, आणि त्यानंतर ती नसली तर लोक विचारायला लागले. सासूबाई तोंडवलीहून परतल्या तेव्हा पडवीत नवरा-बायको एकच गिटार मांडीवर घेऊन बसलेले त्यांना दिसले. हे मला शिकवत होते, मी चुकत होते, आणि दोघेही इतके हसत होतो की फाटकाची कडी वाजलेली आम्हाला ऐकूच आली नाही.