बिब हातात द्यायचं असतं

"खाली टाक ना. मी उचलते."

एवढंच म्हणाली ती. तेही हळू. बाकावरच्या मुलींना ऐकूसुद्धा गेलं नसेल. लातूरच्या इनडोअर हॉलमध्ये मी रेषेजवळ उभी होते. हातात नारंगी बिब, हात पुढं केलेला. साक्षी मैदानातून बाहेर येत होती आणि तिच्या जागी मला आत जायचं होतं. तिनं माझ्या हाताकडं पाहिलं आणि स्वतःचा हात मागं नेला. मला वाटलं, मनगट दुखावलं असेल. मी बिब खाली टाकलं आणि आत पळाले. पहिलाच पास चुकला. वळून पाहिलं तर बिब तिथंच पडलेलं आणि साक्षी त्याच्यावरून पाय उचलून बाकाकडं निघालेली.

फुटसाल म्हणजे पाच-पाच जणींचा फुटबॉल. हॉलमध्ये खेळायचा. चेंडू लहान, जड, फार न उसळणारा. पळून पळून जीव जातो म्हणून खेळाडू सारख्या बदलतात, त्यासाठी खेळ थांबवत नाहीत. बाकावरच्या मुलींनी जर्सीवर बिनबाह्यांचं जाळीचं बिब घालायचं. आत जाताना ते काढायचं आणि बाहेर येणारीच्या हातात द्यायचं. दिलं की मगच आत. हा नियमच आहे.

मी मुखेडकडच्या एका खेड्यातली. आठवडी बाजाराचा सिमेंटचा ओटा बाजार नसला की सहा दिवस रिकामा असायचा, तिथं शिकले. तिथून शाळेचा संघ, जिल्हा, राज्य आणि मग हे शिबिर. देशादेशांच्या महिला संघांची स्पर्धा नांदेडला होणार होती. फुटसालच्या संघटना किती आणि त्यातली खरी कोणती, हे मला तेव्हा कळलं नव्हतं, आजही कळलेलं नाही. पण जर्सीवर देशाचं नाव होतं आणि पाठीवर माझा नंबर. मला तेवढं पुरे होतं.

साक्षी लातूरजवळच्या मुरुडची. घरचा ऊस, घरचे ट्रॅक्टर, वडील स्पर्धेच्या स्वागत समितीत. खेळायची छान, खोटं कशाला बोलू. शिबिराच्या पहिल्या दिवशी तिनं माझं आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग गावात घर कोणत्या बाजूला ते विचारलं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आपल्या भागातली मुलगी आहे, मैत्री करून राहिली. तिला जे पाहिजे होतं ते तिसऱ्या प्रश्नात मिळालं. आम्ही मांग. आमचं घर कोणत्या बाजूला असणार?

बिब पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजर मॅडमनी मला बाजूला बोलावलं. त्यांच्या हातात नवं हिरवं बिब होतं, छातीवर माझं नाव छापलेलं.

"हे तुझं स्वतःचं. दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. कुणाच्या जागी गेलीस तर हे काढून इथं खुर्चीवर ठेवायचं."

बाकी सगळ्यांची बिबं सामाईक. माझंच तेवढं नावाचं. मला काय वाटावं? आनंद झाला. मी वेडी मॅडमच्या पाया पडले. त्यांनी आशीर्वाद दिला. तो हात माझ्या डोक्याला लागला नव्हता, हे मला फार नंतर आठवलं. हिरव्या बिबातला फोटो मी मुख्याध्यापकांना पाठवला आणि त्यांनी तो शाळेच्या ग्रुपवर टाकला. गावात दोन दिवस माझंच नाव होतं.

मायला फोन केला. म्हटलं, सगळ्या संघात माझं एकटीचंच बिब वेगळं आहे.

ती म्हणाली, "येगळं? का म्हून येगळं?"

"मी चांगली खेळते म्हणून."

"माझ्याबी हाताचं लई कौतुक केलतं, बाई. भांडी लई लख्ख घासती म्हणले. म्हून भांडीच घासू देली. खिचडीला हात लावू न्हाई देला."

माय शाळेत खिचडी शिजवायला लागली होती. कागदावर स्वयंपाकीण. सात वर्षं झाली, पातेलं चुलीवर असताना तिनं त्याला हात लावलेला नाही. निवडणं तिचं, सरपण तिचं, घासणं तिचं. मला हे माहीत होतं. डोळ्यांनी पाहिलं होतं. मी त्याच शाळेत ती खिचडी खाल्ली होती. तरी मला मायचा राग आला. म्हटलं, तुला सगळीकडं तेच दिसतं. जग बदललं. इथं मणिपूरच्या मुली आहेत, केरळच्या आहेत, इथं कोण जात विचारतं? आणि फोन ठेवला. खाटेवर बसल्यावर आठवलं की विचारली होती. पहिल्याच दिवशी.

तिथून संशय लागला. डोळ्यांत कुसळ गेल्यावर पापणी हलवली तरी टोचतं, तसं झालं. मी पाहू लागले. मॅडमना सहज विचारलं, तर म्हणाल्या, "साक्षीला स्किनची अ‍ॅलर्जी आहे. दुसऱ्याचा घाम चालत नाही तिला." मी मान हलवली. त्याच दुपारी थोइबी बाकावरून उठून साक्षीच्या जागी आत गेली. थोइबी मणिपूरची, वॉर्मअपलाच अंघोळ केल्यासारखी भिजणारी. तिचं पिळून पाणी काढावं असं बिब साक्षीनं हातात घेतलं, गळ्यात घातलं, आणि त्याच्याच टोकानं स्वतःचं तोंड पुसलं.

तोंड पुसलं.

मग मी एक खोडी केली. दुसऱ्या दिवशी धुऊन आलेल्या गठ्ठ्यातलं एक नारंगी बिब काढलं. कोरडं, घडीचं. अंगात घातलंच नाही. साक्षीच्या जागी जायची वेळ आली तेव्हा ते घडीचं बिब पुढं केलं. माझा घाम त्याला लागलेलाच नव्हता. माझी फक्त बोटं लागली होती. तिनं हात मागं नेला.

मॅडमना हे सांगितलं, तर अ‍ॅलर्जी गेली आणि नवस आला. "त्यांच्या घरी माहूरच्या देवीचं फार कडक असतं. स्पर्धा होईस्तोवर पाळायचं बोललीय ती." मी म्हटलं, मॅडम, आमच्या घरी बी रेणुकामायच हाय. माझी माय माहूरचा गड पायी चढलेली हाय. मग देवीनं खेळाडूंची यादी बघून नवस लावला का? मॅडम हसल्या. म्हणाल्या, "बोलायला हुशार आहेस हं." भांडी लख्ख घासती, तसंच हे.

खरं सांगते, त्या दिवसांत मला राग कमी आणि लाज जास्त वाटायची. थोइबीनं एकदा विचारलं, "वो तेरे हाथ से क्यूं नहीं लेती?" मला हिंदीत सांगता आलं असतं. मी म्हटलं, पता नहीं. माझ्याच अंगाला काही लागलंय अशी मी तिच्यापासून थोडी सरकून बसले. हे मी केलं, आणि ते लिहिताना आजही तोंड कडू होतं.

सरांकडं गेले. आमचे कोच. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "स्पर्धेआधी हा विषय नको. संघ फुटेल. देशाकडं बघ." मी देशाकडं पाहिलं, म्हणजे सरांच्या मागच्या पांढऱ्या फळ्याकडं पाहिलं. तिथं कोण कुणाच्या जागी जाणार याचे बाण काढले होते. साक्षीच्या जागी थोइबी, थोइबीच्या जागी मी. माझ्या जागी केरळची मुलगी, तिच्या जागी साक्षी. कुठूनही पाहा, माझा बाण साक्षीला लागत नव्हता. स्पर्धेत वेगळं बिब चालणार नव्हतं म्हणून ही सोय. एका मुलीचा हात दुसरीला लागू नये म्हणून देशाच्या संघाचा अख्खा डाव असा वळसा घालून आखला होता. आणि संघ फोडणारी मी.

त्या रात्री हॉस्टेलमध्ये मी हिरवं बिब घडी करून मॅडमच्या दारात ठेवून दिलं.

नांदेडचा हॉल भरला होता. पहिल्या दोन सामन्यांत बाण नीट चालले. मी एक गोलही केला. तिसरा सामना नेपाळशी, त्यावर पदक ठरणार होतं. दोन-दोन बरोबरी. सहा मिनिटं उरलेली असताना थोइबीचा घोटा मुरगळला. तिला उचलून नेलं, घाईत तिच्या जागी बाकावरची दुसरीच मुलगी गेली आणि फळ्यावरचे सगळे बाण मोडले. सर ओरडत होते, घाम पुसत होते. साक्षी दमून वाकली होती. सरांनी माझ्याकडं बोट केलं.

"तू जा. साक्षीच्या जागी. पटकन!"

मी बिब काढलं. रेषेजवळ गेले. हात पुढं केला. समोर तिसऱ्या पंच उभ्या, परदेशी बाई, त्यांचं कामच हे बघायचं. साक्षी पळत आली, रेषा ओलांडली.

"टाक खाली."

मी टाकलं नाही.

चेंडू तिकडं चालू होता. आत आमच्या चौघीच. साक्षी माझ्या बाजूनं निघून बाकावर जाऊन बसली. मी वळले. हात तसाच पुढं. पंचबाईंनी साक्षीकडं बघून खूण केली, बिब हातात घे. सगळ्या जगाला कळणारी खूण. साक्षी बुटाची नाडी बांधायला लागली. नाडी सुटलेली नव्हती.

"अगं टाक ना!" सर ओरडले.

मॅडम धावत आल्या. कानाशी येऊन म्हणाल्या, "देशाचा सामना हाय, पोरी. आत्ता असं करून राहिलीस?" महिनाभर त्या माझ्याशी शहरी बोलल्या होत्या. घाबरल्यावर गावचं बोलल्या.

मला टाकता आलं असतं. एक बोट सैल केलं असतं तर मी आत असते. माझे पाय आत जायला तडफडत होते. मला खेळायचं होतं हो, त्या सहा मिनिटांसाठी मी बाजाराच्या ओट्यावर गुडघे फोडून घेतले होते. पण माझ्या लक्षात आलं की ही सगळी माणसं मलाच टाक म्हणताहेत. तिला एकानंही घे म्हटलेलं नाही. एकानंही. परक्या देशातली ती बाई सोडली तर कुणी नाही. तिथं माझी लाज संपली. फुटसालमध्ये किक मारायला चारच सेकंद मिळतात, तसे मी मनात चार मोजले. परत चार. नेपाळच्या मुलीनं मोकळ्या जागेतून चेंडू जाळीत घातला.

सरांनी माझा दंड धरून मला मागं ओढलं आणि केरळच्या मुलीला पाठवलं. तिनं बिब काढून पुढं केलं. साक्षी उठली आणि तिच्या हातातून घेतलं. सहज. मी दोन हात अंतरावरून बघत होते.

तीन-दोननं हरलो. पदक गेलं.

गावात बातमी माझ्याआधी पोचली. हिनं देश हरवला. ग्रुपवरचा फोटो मुख्याध्यापकांनी काढून टाकला. पंधरा दिवसांनी पत्र आलं. मी "शिस्तभंग" केला, "संघहिताला बाधा" आणली. पुढच्या निवड चाचणीला यायचं असेल तर लेखी माफी द्यावी. मागोमाग मॅडमचा फोन. "दोन ओळी लिही. भावनेच्या भरात झालं म्हण. मी बघते पुढचं." आवाज गोड होता. मला आता गोड आवाज आला की आधी हात कुठं आहे ते बघायची सवय लागली आहे.

मला वाटलं होतं, माय तरी म्हणेल, लिहू नको. माय म्हणाली, "लिहून टाक, बाई. आपुन कुठं पुरणार हाव त्याह्यला? खेळ जाईल तुझा." ती रडली. सात वर्षं जे गिळलं ते मलाही गिळायला सांगत होती. माझ्या काळजीनं सांगत होती, हे कळत होतं. तरी मी तिला न्हाई म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडावर म्हटलं.

दोन ओळींच्या जागी दोन पानं लिहिली. अ‍ॅलर्जी लिहिली, नवस लिहिला, घडीचं बिब लिहिलं, फळ्यावरचे बाण लिहिले, कोण काय म्हणालं ते शब्दाला शब्द लिहिलं. तिसऱ्या पंचांचा अहवाल मागवा, असं लिहिलं. माफीचा शब्द त्यात नाही. एक प्रत त्यांना, एक पोलीस ठाण्याला, एक शाळेच्या त्याच ग्रुपवर, सगळ्या गावासमोर.

पत्राला उत्तर आलेलं नाही. येईल असं वाटतही नाही. आलं तर ते मी तीनदा वाचीन, आणि सही करायच्या आधी चौथ्यांदा.

निवड चाचणी पुढच्या महिन्यात लातूरला आहे. मी जाणार. दारात अडवलं तर दारात उभी राहणार, आत घेतलं तर खेळणार. साक्षी असेलच. तिच्या जागी जायची वेळ आली तर हात पुढं करीन, आणि तिनं घेईस्तोवर तो खाली करणार नाही. सामना असो, पदक असो, समोर कुठलाही देश असो. आणि कुणी विचारलं की संघ चौघींवर कुणामुळं आला, तर या वेळी मी पता नहीं म्हणणार नाही. नाव सांगीन.