पहिल्या नगाचं कुंकू

शालनबाईंच्या उजव्या हाताच्या एका बोटाने आमच्या कंपनीतल्या तीन इंजिनिअरांना दोन महिने नाचवलं. त्या तिघांतली एक मी, त्यामुळे हे सांगायचा हक्क माझाच.

चाकणच्या आमच्या वर्कशॉपमध्ये टर्बो इंजिनाच्या पिस्टनच्या माथ्यावर सिरॅमिकचा पातळ पांढरा थर चढवतात. इंजिनातल्या आगीपासून पिस्टनच्या ॲल्युमिनियमला वाचवायचं काम त्या थराचं. तो नीट धरावा म्हणून आधी बारीक कणांचा मारा करून माथा खरबरीत करतात आणि मग आमचा जुना कारागीर गणराज फवारणीच्या गनने थर फवारतो. मारा झालेले पिस्टन ट्रेमध्ये मांडायचं काम शालनबाईंचं. मूळच्या लातूरकडच्या, पन्नाशी उलटलेल्या, संत तुकाराम नगरहून कंपनीच्या बसने येणाऱ्या. हातमोजे घाला म्हटलं की "व्हय मॅडम" म्हणायच्या आणि माझी पाठ वळली की काढून ठेवायच्या.

नव्या ऑर्डरसाठी नमुना पास व्हायचा होता. नियम असा, की लॉटमधला पहिला नग तपासणीला. तो भट्टीत लालबुंद नाही, पण चांगला तापवायचा आणि पाण्यात बुडवायचा, असं दोनशे वेळा. आमचा पहिला नमुना चाळिसाव्या बुडीला गेला. माथ्याच्या बरोबर मध्ये थराचा टवका उडाला. दुसऱ्या लॉटचंही तेच, तिथेच. मी पावडरला दोष दिला, दुसऱ्याने हवेतल्या दमटपणाला. अजिंक्य सर आमचे प्रमुख. त्यांनी सरळ गणराजवर खापर फोडलं. बारा वर्षं गन धरणाऱ्या माणसाला सांगितलं, एक तारखेपासून येऊ नका.

गणराज भांडला नाही. नुसता नळावर जेवणाचा डबा धूत उभा राहिला.

त्याच दिवशी शालनबाई माझ्या टेबलाशी नवे हातमोजे मागायला आल्या. समोर तो नापास पिस्टन होता. त्या बघत राहिल्या. मग त्यांनी उडालेल्या टवक्यावर अनामिका टेकवली. मापात बसली.

"मॅडम, हे माझं बोट हाय."

नव्या लॉटच्या पहिल्या पिस्टनला त्या खोबरेल तेलात कालवलेलं कुंकू लावायच्या. साहेब ओरडतील म्हणून लगेच फडक्याने पुसायच्या. कुंकू जायचं, तेल राहायचं, आणि तेलावर थर काय धरणार! बाकीचे सगळे नग ठणठणीत. आम्ही मात्र नेमाने तो एकच नग उचलून तपासत होतो. मला हसू आलं आणि स्वतःची लाजही वाटली.

"मावशी, कुणाला सांगू नका," मी म्हटलं. "फक्त लावायचं थांबवा."

"आन् गणराज?"

एवढं म्हणून त्या अजिंक्य सरांच्या केबिनमध्ये शिरल्यासुद्धा.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "तिसऱ्या लॉटचा नग टिकला तर गणराज राहील," ते म्हणाले. "नाही टिकला तर तुम्ही दोघंही घरी."

"चालंल," शालनबाई म्हणाल्या.

तिसऱ्या लॉटला गन तीच, पावडर तीच, हात गणराजचाच. शालनबाईंनी मोजे घालून ट्रे मांडला. सकाळपासून सगळी लाइन भट्टीभोवती. चाळीस बुड्या झाल्या, टवका नाही. शंभरला गणराजने घाम पुसला. दोनशेला आम्ही श्वास सोडला, तर सर म्हणाले, अजून पन्नास. थर तसाच, अंड्याच्या कवचासारखा गुळगुळीत आणि अखंड. मी टाळ्या वाजवल्या, मोठ्याने, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

सरांनी तो पिस्टन कोरडा केला आणि शालनबाईंपुढे ठेवला.

"गणराज राहतोय. आता आणा तुमचं कुंकू."

त्यांनी कमरेच्या पिशवीतून डबी काढली, मोजा उतरवला आणि पांढऱ्या माथ्यावर मधोमध बोट टेकवलं. मग सवयीने त्यांचा हात फडक्याकडे गेला.

गणराजने फडकं आधीच उचललं होतं. "राहू द्या, मावशी," तो म्हणाला. "आता पुसायचं नाही."