वसुधाताईंचे फोटो

बायकांच्या फोटोग्राफी शिबिरासाठी आम्ही कोकणातल्या एका किनाऱ्यावर जमलो होतो. संध्याकाळी सगळ्याजणी मावळत्या सूर्याच्या मागे लागल्या होत्या. माझ्या खोलीतल्या वसुधाताई मात्र समुद्राकडे पाठ करून आमचेच फोटो काढत होत्या.

"ताई, सूर्य बुडतोय. तो घ्या ना," मी म्हणाले.

"तो पाठ आहे गं मला. नजर जात चाललीय माझी. डॉक्टर म्हणतात, उरलीसुरलीही जाईल. तुमचे चेहरे तर कालच पाहिलेत, ते कसे लक्षात राहायचे?"

"पण मग हे फोटो..."

"लेक सांगेल ना. यात कोण आहे, कशी दिसतेय."

फोटो पुन्हा पाहण्यासाठी काढतात, एवढंच मला ठाऊक होतं. ते पुन्हा ऐकण्यासाठी कुणी काढत असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

उजेड ओसरला. ताईंनी कॅमेरा माझ्यावर रोखला. "हस की जरा!" मी प्रयत्न केला, पण डोळ्यांतलं पाणी थेट ओठांपर्यंत आलं. ताईंनी बटण दाबलं.

"छान हसलीस हो," त्या समाधानाने म्हणाल्या.

त्यांच्या लेकीने त्या फोटोत काय पाहिलं आणि आईला काय सांगितलं, ते मला कधी कळलं नाही.